सायकलला तेल कुठे घालावे?

उद्या सकाळी शाळा भरण्यापूर्वी पाच मिनिटे सायकल-स्टँडजवळ उभे राहा आणि डोळे मिटून नुसते ऐका. एखादी सायकल ‘कुईं कुईं’ करीत येईल. तिची चेन कोरडी पडली आहे. दुसरी ब्रेक लावताना किंचाळेल. तिसरीचे मडगार्ड खडखडेल. एखादी मात्र अगदी मुकाट्याने येऊन उभी राहील आणि हीच सर्वांत चांगली सायकल, असे आपण समजू. मीही तसेच समजत होतो. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो, दरवर्षी घर्षणावर चार-दोन तास बोलतो आणि रोज सायकलनेच कामाला जातो. तरीही मुकी सायकल आणि सुरक्षित सायकल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला वर्गात नव्हे, घाटात कळले.

साताऱ्याहून कासच्या पठाराकडे जाणारा रस्ता यवतेश्वरच्या घाटाने वर चढतो. २०२२ सालच्या ऑगस्ट महिन्यातील एका रविवारी मी आणि माझा नववीतला पुतण्या त्या घाटाने वर गेलो. दोघांच्याही सायकली गिअरच्या, जाड आणि खाचांच्या टायरच्या. दुकानदार ज्यांना ‘माउंटन बाइक’ म्हणतात त्यातल्या, पण साध्या. रिमला दोन्ही बाजूंनी रबराचा चिमटा घेणारे ब्रेक. आदल्या संध्याकाळी मी माझी सायकल पालथी घालून तिची मनसोक्त सेवा केली होती. चेन घासली, मागचे चाक गरगर फिरवले आणि फवाऱ्याच्या डब्यातून चेनवर सढळ हाताने तेल मारले. पुतण्याला म्हटले, “तुझीही आण.” त्याला क्रिकेटचा सामना बघायचा होता. तो म्हणाला, “उद्या बघू.” त्यामुळे रविवारी घाट चढताना त्याची चेन कुरकुरत होती आणि मी त्याला आळसाचे तोटे समजावून सांगत होतो.

उतरताना पाऊस सुरू झाला. पहिल्या वळणाआधी मी दोन्ही ब्रेक दाबले. मागच्या ब्रेकने काहीच केले नाही. म्हणजे लिव्हर मुठीपर्यंत आली, रबरे रिमला टेकली, पण चाक तसेच फिरत राहिले. पुढच्या ब्रेकची रबरे झिजून गुळगुळीत झालेली होती आणि रिम ओली होती. तो थोडासा धरत होता. परिणाम असा की वेग वाढत नव्हता आणि कमीही होत नव्हता. दोन्ही मुठी आवळलेल्या, सायकल मात्र आपल्याच वेगाने खाली निघालेली! वळण कसेबसे घेतले. पुढे डोंगराच्या बाजूला रस्त्याच्या कामासाठी टाकलेला मुरमाचा ढीग दिसला. त्यात सायकल घातली. कोपर सोलवटले, पुढची रिम वाकडी झाली, एवढ्यावर भागले. दुसरी बाजू दरीची होती.

मागून कुरकुर ऐकू आली. पुतण्या अगदी शांतपणे माझ्या शेजारी येऊन थांबला. “काका, लागलं का?” आणि मग माझ्या मागच्या रिमवर बोट फिरवून, ते नाकाला लावून म्हणाला, “तेल आहे हे. काल माझ्या सायकलला घातलं नाही ते बरं झालं.”

फिरत्या चाकाशेजारी फवारा मारला की त्याचे बारीक तुषार चेनपुरतेच राहतील, ही अपेक्षा पदार्थविज्ञानाच्या माणसाने तरी करायला नको होती.

शनिवारी लक्षात का आले नाही?

आता तुम्ही विचाराल, शनिवारी संध्याकाळी अंगणात चक्कर मारली असेल, तेव्हा हे कसे कळले नाही? मारली होती. ब्रेक थोडा मऊ वाटला होता; पण सायकल थांबली होती. सपाट रस्त्यावर ती थांबते आणि उतारावर थांबत नाही, हे कसे? आठवीनववीच्या गणितात बसणारी ही गोष्ट आहे, म्हणून जरा सावकाश पाहू.

ब्रेक लावल्यावर वेग कमी होतो, म्हणजे सायकलला ऋण त्वरण मिळते. कोरड्या रस्त्यावर, चांगले ब्रेक बेताने दाबले, तर ते दर सेकंदाला सेकंदी २.५ मीटर एवढे सहज मिळते. तासाला १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. थांबण्याचे अंतर काढायचे तर वेगाच्या वर्गाला ऋण त्वरणाच्या दुपटीने भागायचे: २५ भागिले ५, म्हणजे ५ मीटर. आता ब्रेक बिघडला आणि ऋण त्वरण ०.८ वर आले असे समजा. अंतर होईल २५ भागिले १.६, म्हणजे साडेपंधरा मीटर. तिप्पट झाले खरे. पण मोकळ्या रस्त्यावर, सावकाश जाताना, आपण ते चालवून घेतो. ब्रेक जरा आधी दाबायची हाताला सवय होते. सवय झाली की बिघाड दिसेनासा होतो.

घाटात काय होते पाहा. दर बारा मीटरला एक मीटर उतरणारा रस्ता धरू. अशा उतारावर गुरुत्वाकर्षण सायकलला पुढे ओढते आणि ती ओढ ९.८ च्या बाराव्या हिश्श्याएवढी, म्हणजे साधारण ०.८ त्वरण देते. चांगल्या ब्रेकच्या २.५ मधून ही ०.८ वजा जाते, १.७ उरतात आणि सायकल थांबते. जरा लांब जाऊन थांबते इतकेच. बिघडलेल्या ब्रेकच्या ०.८ मधून ०.८ वजा केले की उरते शून्य. शून्याने भागून थांबण्याचे अंतर काढता येत नाही, हे तुम्हाला गणिताच्या शिक्षकांनी सांगितलेच असेल. घाटात त्याचा अर्थ असा, की सायकल थांबतच नाही. ब्रेकची सारी शक्ती वेग वाढू न देण्यातच खर्च होते. मुठी आवळलेल्या आणि वेग तोच, हा माझा अनुभव म्हणजे या शून्याचे दर्शन होते.

म्हणून घाटावर जायचे असेल, तर ‘सायकल थांबते ना?’ एवढा प्रश्न पुरेसा नाही. ती किती अंतरात थांबते, हे मोजले पाहिजे. शाळेच्या मैदानावर खडूची रेघ मारा. सर्वांनी एकाच वेगाने येऊन रेघेवर ब्रेक लावायचा आणि पुढे किती अंतर गेलो ते टेपने मोजायचे. वेग सारखा राहावा यासाठी रेघेआधीचे दहा मीटर दोन सेकंदांत पार करायचे, म्हणजे तासाला १८ किलोमीटर होतात. घड्याळ धरणारा एक मित्र लागेल. डोक्यावर हेल्मेट असू द्या आणि मैदानात त्या वेळी दुसरे कोणी खेळत नसावे. पाच मीटरच्या आसपास थांबलात तर ठीक. दहाच्या पुढे गेलात तर ती सायकल घाटात नेऊ नका, मग तिची चेन कितीही मुकी असो.

धुरावरून नाव पडलेला उतार

या सायकलींचा जन्मच मुळी ब्रेकच्या कसोटीतून झाला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील मॅरिन परगण्यात, फेअरफॅक्स गावाजवळ, डोंगरातून उतरणारा एक कच्चा रस्ता आहे. तीन-साडेतीन किलोमीटरांत तो सुमारे ४०० मीटर खाली येतो, म्हणजे यवतेश्वरच्या हिशेबासाठी आपण धरलेल्या उतारापेक्षाही तो तीव्र आहे. १९७० नंतरच्या दशकात तिथली काही तरुण मंडळी १९३०-४० च्या सुमाराच्या जुन्या, जड, फुगीर टायरच्या सायकली भंगारातून मिळवून या रस्त्याने खाली धाडत असत. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबच्या आत असे. पेडल उलटे दाबले की तो लागे. खाली पोहोचेपर्यंत हब इतका तापे, की आतले ग्रीस धूर होऊन निघून जाई. पुढच्या फेरीपूर्वी हब उघडून त्यात नवे ग्रीस भरावे लागे. असे पुन्हा भरण्याला इंग्रजीत ‘रीपॅक’ म्हणतात आणि तेच त्या रस्त्याचे नाव पडले. २१ ऑक्टोबर १९७६ या दिवशी तिथे घड्याळ लावून पहिली शर्यत झाली. गॅरी फिशर यांनी पुढे तो उतार ४ मिनिटे २२ सेकंदांत पार केला. याच मंडळींपैकी जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये खास डोंगरासाठी सायकलचा सांगाडा बनवला आणि १९७९ मध्ये फिशर व चार्ली केली यांनी अशा सायकली विकण्याचा धंदा सुरू केला. १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलिंगची शर्यत होती.

तो धूर कुठून आला? सायकलस्वार आणि सायकल मिळून ८० किलोग्रॅम धरा. ४०० मीटर उंचीवर त्यांची स्थितिज ऊर्जा ८० × ९.८ × ४००, म्हणजे सुमारे ३ लाख १४ हजार ज्यूल. खोलीतल्या तापमानाचे एक लिटर पाणी उकळीला आणायला लागते तेवढी ही ऊर्जा आहे. खाली येऊन सायकल थांबली म्हणजे ही सगळी ऊर्जा कुठे तरी गेलेली असते. काही हवा ढकलण्यात, काही टायर दबण्यात गेली. समजा निम्मी गेली. उरलेली निम्मी, दीड लाख ज्यूलच्या वर, ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. पोलादाचा हब एक किलोग्रॅमचा असेल तर त्याचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे ४६० ज्यूल पुरतात. भागाकार करून पाहा. उष्णता बाहेर पडलीच नाही असे मानले, तर हब ३०० अंशांहून अधिक तापायला हवा. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता वाटेत वाऱ्याला दिली जाते, पण ग्रीसचा धूर व्हायला उरते ती पुरेशी असते.

आपल्या सायकलींत आता ब्रेक हबच्या आत नसून रिमवर किंवा चाकाच्या मध्याजवळच्या तबकडीवर असतो. तरी उष्णता तेवढीच. रिम मोठी, वाऱ्यात उघडी, म्हणून ती लवकर निवते. लांब घाटात मात्र रिमही इतकी तापू शकते की आतल्या ट्यूबचे पंक्चरचे ठिगळ सुटावे. तबकडी लहान, त्यामुळे ती फारच तापते. उतरून आल्यावर कुतूहलाने तिला बोट लावू नका, भाजते. ब्रेक सतत घासत ठेवण्यापेक्षा वेग आटोक्यात असतानाच ठामपणे दाबावा, सोडावा, पुन्हा दाबावा आणि लांब उतारावर मध्ये एकदा थांबून चाकांना निवू द्यावे. दृश्य पाहण्याचे निमित्तही होते.

आणखी एक गोष्ट घाटासाठी सांगायची राहिली. ब्रेक लावला की आपला भार पुढच्या चाकावर सरकतो. बसमध्ये आपण पुढे ढकलले जातो तसेच हे. म्हणून थांबवण्याचे मुख्य काम पुढचा ब्रेक करतो. आपल्याकडे तो बहुधा उजव्या हाताला असतो. ‘पुढचा ब्रेक लावलास तर डोक्यावर पडशील’ असे आजोबा सांगत. ते अगदीच खोटे नाही, कारण एकदम आवळला तर मागचे चाक उचलले जाते. पण भीतीने तो कधीच न वापरणे हा उपाय नव्हे. उतारावर अंग थोडे मागे आणि खाली घ्या, दोन्ही ब्रेक मिळून वापरा, पुढचा हलक्या हाताने वाढवत न्या.

पाण्याचेही गणित आहे. ओल्या रिमवर रबर आणि धातू यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर येतो. चाकाच्या पहिल्या काही फेऱ्यांत रबर तो पुसून काढते आणि मगच ब्रेक खऱ्या अर्थाने धरतो. २६ इंची चाकाचा परीघ साधारण दोन मीटर. पाच फेऱ्या पुसण्यात गेल्या तर दहा मीटर रस्ता गेला. म्हणून पावसात वळण येण्याच्या बरेच आधी ब्रेक हलकेच टेकवून रिम पुसून घ्यावी. तेलाचा थर मात्र असा पुसला जात नाही. फिरता फिरता तो रिमभर नीट सारवला जातो. तो काढायला साबणाचे पाणी आणि स्वच्छ फडके लागते, आणि रबराचा वरचा चकचकीत पापुद्रा काचकागदाने खरवडावा लागतो. ब्रेक तबकडीचा असेल तर अधिकच जपावे, कारण त्याच्या गुटक्यांत तेल मुरले की बहुधा ते गुटकेच बदलावे लागतात.

मग तेल घालायचे कुठे?

चेनला घालायचेच. स्वच्छ, तेल घातलेली चेन पायांची शंभरातली पंचाण्णवाहून अधिक ऊर्जा चाकाला पोहोचवते. हे यंत्र इतके चांगले आहे की त्याची हेळसांड करणे जिवावर येते. पण तेलाची गरज चेनच्या बाहेरच्या अंगाला नसून आतल्या पिनांना असते. बाहेर राहिलेले तेल धूळ धरून ठेवते. धुळीत वाळू असते आणि वाळूतील क्वार्ट्झ हे खनिज साध्या पोलादावर ओरखडा काढते. तेल आणि वाळू यांचा हा काळा लगदा म्हणजे आपणच तयार केलेली पॉलिश पेस्ट. म्हणून फवारा नको, थेंब हवा. चेनच्या आतल्या बाजूने प्रत्येक सांध्यावर एक थेंब, पेडल उलटे फिरवत, आणि चेनच्या मागे जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा धरून. दहा मिनिटे थांबायचे. मग बाहेरचे सगळे तेल फडक्याने पुसून टाकायचे. पुसताना वाया गेले असे वाटते, पण जे आत जायचे ते गेलेले असते.

चेनची झीज पाहण्यासाठी एक पोलादी फूटपट्टी पुरे. सायकलच्या चेनमध्ये दोन शेजारच्या पिनांतले अंतर अर्धा इंच असते, म्हणजे २४ सांधे बरोबर १२ इंचांत बसायला हवेत. ते एक अष्टमांश इंचाने लांबले असतील तर चेन संपली, आणि बहुधा तिने दातांची चाकेही खाल्ली. निम्मे, म्हणजे एक षोडशांश इंच लांबले असतानाच चेन बदलली तर दात वाचतात. लोक म्हणतात चेन ‘ताणली’. खरे तर पोलाद ताणलेले नसते. एक अष्टमांश इंच म्हणजे सुमारे ३.२ मिलिमीटर, त्याला २४ ने भागा. प्रत्येक सांध्याला ०.१३ मिलिमीटर, वहीच्या पानापेक्षा थोडी जास्त झीज. डोळ्यांना एका सांध्यात ती दिसणार नाही. चोवीस सांध्यांची बेरीज मात्र फूटपट्टीवर दिसते.

टायरला तेलाचा थेंबही नको, हवा हवी. किती, ते टायरच्या कडेवर छापलेले असते. समजा ४० पौंड दाब आहे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.८ किलोग्रॅम. ८० किलोग्रॅमपैकी ४८ मागच्या चाकावर आले तर टायर रस्त्याला टेकतो तो भाग ४८ भागिले २.८, साधारण १७ चौरस सेंटिमीटर: आगपेटीच्या मोठ्या बाजूएवढा. घाटातले आपले सारे भवितव्य अशा दोन आगपेट्यांवर उभे असते. दाब निम्मा झाला की हा भाग दुप्पट होतो, टायर अधिक दबतो आणि पाय दुखू लागतात. कच्च्या रस्त्यावर मात्र थोडी कमी हवाच बरी, कारण टायर खड्यांवर उड्या न मारता त्यांना धरून चालतो.

शेवटी शिक्षकांच्या मदतीने करण्याजोगा एक प्रयोग. सायकल पालथी करा. जुन्या ट्यूबची रबरी पट्टी घेऊन मागच्या ब्रेकची लिव्हर आणि मूठ यांच्याभोवती दोन-तीन वेढे द्या, म्हणजे ब्रेक हलकासा आणि सतत एकाच बलाने दाबलेला राहील. व्हॉल्व्हजवळच्या आऱ्याला दोरी बांधून तिला प्रयोगशाळेतला ताणकाटा अडकवा आणि रिमच्या स्पर्शरेषेत हळूहळू ओढा. चाक सरकू लागते त्या क्षणीचा आकडा लिहा. आता रिम ओली करून पुन्हा ओढा, नंतर साबणाच्या पाण्याने. रबर रिमला दाबणारे बल तिन्ही वेळी तेच असल्याने आकड्यांचे गुणोत्तर हेच घर्षण गुणांकांचे गुणोत्तर असते. तेल लावून पाहू नका. साबणावरून तुम्हाला कल्पना येईल. आमच्या प्रयोगशाळेतले आकडे मी मुद्दामच देत नाही, ते रबरागणिक आणि रिमगणिक बदलतात. तुमच्या सायकलचे तुम्ही काढा.

आणि हे गणित घरी करण्यासाठी. त्या रविवारी माझी सायकल माझ्यासह ८० किलोग्रॅमची होती आणि तिचे ब्रेक ८० × ०.८, म्हणजे ६४ न्यूटन एवढेच बल लावू शकत होते. समजा, पुतण्याची सायकल वरच नादुरुस्त झाली असती आणि तो, ५० किलोग्रॅमचा, माझ्या कॅरिअरवर डबलसीट बसला असता. उतार तोच, ब्रेकचे बलही तेच. तर पहिल्या दहा सेकंदांत वेग किती वाढला असता? माझे उत्तर तासाला सुमारे ११ किलोमीटर येते. तुमचे काय येते ते पाहा.